माझा हरवलेला सेंटीमीटर

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे, आणि सगळ्यात आधी कबूल करून टाकते की मी एका सेंटीमीटरने कमी आहे. नंतर कुणी मला लबाड म्हणायला नको.

तशी मी दिसायला बरी आहे. लाकडाची, पिवळ्या रंगाची, घडीची. माझे पाच तुकडे पितळी बिजागऱ्यांनी जोडलेले आहेत. मिटले की मी सुताराच्या मागच्या खिशात मावते आणि उलगडले की पुरी एक मीटर भरते. म्हणजे भरत असे. कारखान्यात ज्या यंत्राने माझ्या अंगावर काळ्या रेघा मारल्या, त्याला गुदगुल्या म्हणजे काय हे ठाऊक नसावं. एक हजार रेघा मारल्या पठ्ठ्याने, आणि एकही इकडची तिकडे नाही! शेवटी एका तपासनीस बाईंनी मला डोळ्यासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, सरळ आहे. आयुष्यातलं माझं ते पहिलं कौतुक. अजून जपून ठेवलंय.

मला विकत घेतलं ते थोरल्या मिस्त्रींनी. त्यांच्या हाताखाली तेव्हा आमचे मिस्त्री, म्हणजे माझे आत्ताचे मालक, सुतारकाम शिकत होते. कानावर पेन्सिल ठेवायची त्यांना हौस दांडगी, पण कान असा घसरगुंडीसारखा की पेन्सिल दर दहा मिनिटांनी खाली. थोरल्यांनी मला त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी मला इतकं घट्ट धरलं की माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या.

मग तो दिवस आला. एक जड दार चौकटीत बसवायचं होतं. दार किंचित उचलून धरायला खाली पाचर हवी होती, पाचर सापडेना, आणि घाईघाईत आमच्या मिस्त्रींनी माझं टोक दाराखाली सरकवलं. दार टेकलं. कट्ट असा आवाज झाला. माझा पहिला सेंटीमीटर, अगदी एकच्या रेघेवर, सरळ तुटून पडला.

मिस्त्रींचं तोंड इतकंसं झालं. थोरले आले, त्यांनी तुकडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि भुशात टाकून दिला. मला वाटलं आता माझाही नंबर. पण ते म्हणाले, "पट्टी मोडली म्हणून माप मोडत नाही. ही आता एकपासून मोजते. आकडा वाचलास की एक वजा करायचा. आणि मनात नाही, तोंडाने म्हणायचं. मनातलं माप लाकडाला ऐकू जात नाही."

तेव्हापासून आमचं ठरलं. मिस्त्री माझं तुटकं टोक कडेला लावायचे, आकडा वाचायचे आणि खणखणीत म्हणायचे, "नव्वद. एक वजा. एकोणनव्वद." असे आम्ही मिळून किती पलंग, किती कपाटं, किती खिडक्या मोजल्या म्हणून सांगू! एकही कपाट वाकडं नाही की एकही खण अडकत नाही. पुढे मिस्त्रींचं लग्न झालं, मुलगी झाली, तिचा पाळणासुद्धा माझ्याच मापाने बनला. ती पोर रांगत रांगत मिस्त्रींच्या कारखान्यात यायची आणि लाकडाच्या भुशात बसून आमचं बोलणं ऐकायची. तिचा पहिला शब्द 'आई' होता की 'बाबा' यावरून त्या घरात आजही दोन पक्ष आहेत. मला विचाराल तर तो 'वजा' होता.

तिचं नाव काहीही असो, तिला सगळे भिंगरी म्हणतात. का, ते तिला जिना उतरताना पाहिलंत की कळेल.

पण मित्रांनो, सवय फार मुकी असते. वर्षं गेली तसे ते दोन शब्द हळू होत गेले. आधी मिस्त्री ते पुटपुटायला लागले, मग नुसते ओठ हलायचे, मग ओठही थांबले. वजा मात्र ते न चुकता करायचे, आपलं आतल्या आत. मग बाजारातून पोलादी टेप आली. चकचकीत, बटण दाबलं की सुर्रकन आत जाणारी. मला खिशातून काढून दाराजवळच्या खिळ्यावर टांगलं गेलं. मिस्त्रींनी टांगताना माझ्यावरची धूळ पुसली, हे मी विसरत नाही. पण पुढची तीन वर्षं कुणी पुसली नाही, हेही विसरत नाही.

खिळ्यावरून मला सगळं दिसायचं. मला दिसत होतं की गिऱ्हाईकं बदलली आहेत. पूर्वी लोक म्हणायचे, मिस्त्री, तुम्हाला कळतं, करा. आता म्हणायचे, आधी चित्र दाखवा. मिस्त्री प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलने चित्र काढायचे. त्यांना ते स्वच्छ दिसायचं, लोकांना दिसायचं नाही. एका गृहस्थाने तर कपाटाचं चित्र आडवं धरलं आणि पलंग छान आहे म्हणाला. मिस्त्री हसले. तो गेल्यावर बराच वेळ रंधा नुसताच हातात धरून बसले.

मग एका सोमवारी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई आल्या. त्यांच्या वाचनालयात मुलांसाठी नवी खोली झाली होती, आणि बांधणाऱ्याने हौसेने तिची एक भिंत गोल केली होती. अर्ध्या चंद्रासारखी. त्या गोल भिंतीला लागून पुस्तकांची कपाटं हवी होती. गेल्या काही वर्षांत असं काम मिस्त्रींकडे आलं नव्हतं. ते बाईंना भरभरून समजावत होते आणि त्यांच्या हातातली पेन्सिल धावत होती. बाईंनी चित्र नीट पाहिलं, अगदी मनापासून पाहिलं, आणि म्हणाल्या की त्यांना थोडंथोडं कळतंय, पण समितीला कळणार नाही. दुसऱ्या एका ठिकाणी कपाट पडद्यावर गोल फिरवून दाखवतात. समितीला तसं बघायचं आहे.

मिस्त्रींनी पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. बोलली ती भिंगरी. शाळेचं दप्तर अजून पाठीवर होतं, एका बुटाची नाडी सुटलेली होती. "आम्हीपण फिरवून दाखवू," ती म्हणाली. "पंधरा दिवस द्या. त्या सोमवारी या."

मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

बाई गेल्यावर मिस्त्रींनी विचारलं, कशावर दाखवणार, भिंतीवर? भिंगरी म्हणाली, कॉम्प्युटरवर. कुठला कॉम्प्युटर? मी बनवणार तो. शाळेत तिने एक जुना कॉम्प्युटर सुटा करून पुन्हा जोडला होता, आणि तेव्हापासून तिच्या चालण्यातच फरक पडला होता. तिची आई टपाल कचेरीत कामाला होती. संध्याकाळी घरी आल्यावर तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोकांची मुलं कॉम्प्युटर मागतात. आपली बनवून देते म्हणते. नाही तरी कशाला म्हणायचं?"

भिंगरीचा मामा दुसऱ्या गावी कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने एक खोकं पाठवलं. त्यात मदरबोर्ड होता, प्रोसेसर होता, मेमरी आणि डिस्क होती, एक जुना पडदा होता, वीज पुरवणारा पॉवर सप्लाय होता, आणि हे सगळं मामाच्या जुन्या स्वेटरात गुंडाळलेलं. नव्हत्या त्या दोनच गोष्टी. एक म्हणजे सगळं आत बसवायची पेटी. ती मी करतो, मिस्त्री म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे जरा चमकले. दुसरी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर कपाट फिरतं, त्याच्यावर सावली पडते, लाकडाची रेघ न् रेघ दिसते, ते सगळं या कार्डाचं काम. मामाकडे तसलं कार्ड नव्हतं. तो फोनवर म्हणाला, "इंजिनियर, कार्ड तू निवड. पण नुसतं बघून भाळू नकोस. लग्न जमवण्यासारखं आहे ते. सगळ्या घराला चालायला हवं."

आणि त्याने तिला चार प्रश्न लिहून घ्यायला लावले. कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसतं का? पॉवर सप्लायची ताकद त्याला पुरते का, आणि त्याला लागणाऱ्या पिनांची वायर त्यातून निघते का? पेटीत मावतं का? आणि आपल्या पडद्याची वायर त्याला लागते का? भिंगरीने तो कागद दाराला, माझ्या खिळ्याच्या अगदी शेजारी, पिनेने टोचला. त्यामुळे तो मला पाठ झाला.

पहिल्यांदा ती भाळलीच. दुकानात तिने तीन पंख्यांचं एक कार्ड पाहिलं, कडेला रंगीत दिवे लुकलुकणारं. घरी आली ती त्याच्याबद्दलच बोलत. रात्रीचं जेवण झालं तरी पंख्यांवरून उतरेना. पण त्याला साडेसातशे वॅट हवे होते आणि मामाच्या पॉवर सप्लायमध्ये होते साडेचारशे. तिने मामाला फोन करून जरा गळ घालून पाहिली. मामा म्हणाला की खुशाल लाव, कॉम्प्युटर चालू होईल आणि गल्ली बंद पडेल. भिंगरी दोन तास रुसली, आणि मग स्वतःच वहीतल्या त्या कार्डावर काट मारली. मला तिचा अभिमान वाटला. आवडलेल्या गोष्टीवर स्वतःच्या हाताने काट मारणं मोठ्यांनाही जमत नाही.

मग ती वहीत एकेक कार्ड लिहायची, चार प्रश्नांपुढे बरोबर नाहीतर फुली करायची. एकाला दोन वायरी हव्या होत्या, आपल्याकडे आठ पिनांची एकच. एकाची वायर पडद्याला लागेना. शेवटी एक सापडलं. दोन पंख्यांचं, शांत स्वभावाचं, आठ पिनांची एकच वायर मागणारं, साडेचारशे वॅटमध्ये सुखाने राहणारं. तीन प्रश्नांपुढे बरोबर, बरोबर, बरोबर. राहिलं फक्त पेटीत मावण्याचं. कार्डाची लांबी साडेचोवीस सेंटीमीटर.

पेटी तोवर तयार झाली होती. काय पेटी होती ती! मिस्त्रींनी आपल्या चांगल्या लाकडाचे उरलेले तुकडे जपून ठेवले होते, ते सगळे तिला लावले. कोपऱ्यांत एकही खिळा नाही. दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे सांधे. मागे पत्र्याची भिंत, पुढे दोन सेंटीमीटर जाडीची फळी, फळीत खाली हवेसाठी भोकं आणि पंखा, वर सरकतं काचेचं झाकण. पॉलिश असं की त्यात भिंगरीला स्वतःचे दात दिसले.

आता आतली जागा मोजायची होती. मदरबोर्ड आत बसलेला होता, आणि मामाने बजावलं होतं की बोर्डाजवळ पोलादी टेप फिरवायची नाही. एक ओरखडा पडला तर बोर्ड कायमचा मुका होईल. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं. मग त्यांची नजर खिळ्यावर आली.

मित्रांनो, तीन वर्षांनी मी उलगडले. माझ्या बिजागऱ्या आनंदाने किंचाळल्या. भिंगरी पेटीवर वाकली, तिने माझं तुटकं टोक मागच्या पत्र्याला आतून टेकवलं आणि मला पुढच्या फळीच्या कडेवर आडवं ठेवलं. मिस्त्री पेन्सिल घेऊन उभे होते. ती ओरडली, "पंचवीस!" मिस्त्रींनी प्लायवुडवर लिहिलं, २५.

आणि मी वाट पाहत राहिले. त्या दोन शब्दांची.

भिंगरीला वाटलं, बाबा लिहिताना वजा करतील, तेच तर नेहमी करतात. मिस्त्रींना वाटलं, पोरगी याच घरातली आहे, वजा करूनच सांगितलं असेल. दोघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून दोघांपैकी कुणीच बोललं नाही. मला मिटून पुन्हा खिळ्यावर टांगलं. मी ओरडले असते हो, पण पट्टीला बिजागऱ्या असतात, जीभ नसते.

भिंगरीने चौथं 'बरोबर' केलं. पंचवीसच्या जागेत साडेचोवीसचं कार्ड! शनिवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात गेली. तिथे काय झालं ते तिने आईला सांगताना मी ऐकलं. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला की एकच पंखा असलेलं एक आखूड कार्ड आहे, ते कुठेही बसेल, चित्र जरा अडखळत फिरेल इतकंच. आणि हेही म्हणाला की लांबडं नेणार असशील तर नीट मोजून ने, कारण आतलं सील उघडलं की परत घेता येणार नाही. त्यावर आमची भिंगरी हनुवटी वर करून म्हणाली होती, "काका, आम्ही सुतार आहोत. आमच्या घरात माप चुकत नाही."

लांबडं कार्ड घेऊन ती घरी आली आणि तिने सील उघडलं. कार्ड दोन्ही हातांनी धरलं, मामाने शिकवल्याप्रमाणे कडांनी, पिनांना न शिवता. पेटीत उतरवलं. मागची बाजू पत्र्याशी आली, आणि पुढचं टोक फळीवर टेकून बसलं. तिने जरा तिरपं करून पाहिलं. उलटीकडून आणून पाहिलं. श्वास रोखून पाहिलं, जणू तिचं पोट आत घेतल्याने कार्डाचं पोट आत जाणार होतं. कार्ड अर्धा सेंटीमीटर बाहेर राहिलं ते राहिलंच.

मिस्त्री बाहेर गेले होते. कारखान्यात ती आणि मी. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि कार्ड माझ्यावर ठेवलं. कडेला कड लावून. कार्डाचं दुसरं टोक आलं साडेपंचवीसवर. ती डब्यावर छापलेला आकडा पाहू लागली, साडेचोवीस. पुन्हा माझ्याकडे, साडेपंचवीस. मग तिची नजर सावकाश सरकत माझ्या तुटक्या टोकावर आली आणि तिथेच थांबली.

आधी तिने कार्ड त्याच्या डब्यात, फोमच्या खाचेत ठेवलं. तिथे मात्र ते अगदी बरोबर बसलं. मग तिने मला भुशाच्या बादलीत फेकलं आणि लाकडाच्या ढिगावर गुडघ्यांत डोकं घालून बसली.

मला बादलीचा राग आला नाही. आयुष्यात माझ्यामुळे कुणी रडलं नव्हतं, आणि पहिलं रडलं ते माझ्याच मापाच्या पाळण्यात झोपलेलं पोर. भुशाखाली माझं तुटलेलं टोक पहिल्यांदाच मला दुखलं.

मिस्त्री आले. पेटी, डबा, बादली, लेक, अशा क्रमाने त्यांनी पाहिलं आणि त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. ते तिच्या शेजारी ढिगावर बसले. मग भिंगरी गुडघ्यांतूनच बोलू लागली. अवघड ते सगळं तिला जमलं होतं, वॅट जमले, पिना जमल्या, आणि जे या घरात रांगणाऱ्या पोरालाही येतं तेच चुकलं. परवा सोमवार. बाई येणार. तिने बाईंना सांगितलं होतं, दुकानदाराला सांगितलं होतं, शाळेत तर कुणाकुणाला सांगितलं होतं. आता ती पुन्हा म्हणून काही करायला जाणार नव्हती. माप तिने वाचलं होतं, चूक तिचीच होती.

"लिहिलं कुणी?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने नाक ओढलं.

"मी लिहिलं. लिहिणाऱ्याने विचारायचं असतं. मला शिकवलं होतं, तोंडाने म्हणायचं. मी म्हणायचा थांबलो, मग तुला ऐकू कुठून येणार?"

एव्हाना आई दारात येऊन उभी होती, टपाल कचेरीची पिशवी अजून खांद्यावर. तिने दोघांचं थोडा वेळ ऐकलं. माझी चूक, नाही माझी, तुझी कशी, माझीच. मग म्हणाली, "चूक एक आणि मालक दोन. भांडा निवांत, मी चहा टाकते." भिंगरीच्या नाकातून रडणं आणि हसणं एकदमच बाहेर आलं.

मिस्त्री उठले. त्यांनी बादलीत हात घातला, मला बाहेर काढलं, माझ्यावरचा भुसा फुंकला आणि सदऱ्याला पुसलं. मग विचारलं, "फळी किती जाड आहे?"

"दोन सेंटीमीटर."

"मग तिच्यात जागा आहे की."

भिंगरीने मान वर केली. तिच्या आधी मला कळलं, आणि माझ्या अंगावर हजार रेघांचा काटा आला. फळीला आतून खाच पाडायची, कार्डाचं शेपूट त्या खाचेत जायचं. पण ती पॉलिश केलेली फळी होती, मिस्त्रींच्या हातची, आणि झालेल्या कामाला पुन्हा पटाशी लावणं त्यांच्याकडून कधीच होत नसे. भिंगरी म्हणालीही, बाबा, पॉलिश केलंय. मिस्त्रींनी आपली सगळ्यात धारदार पटाशी काढली, अंगठ्यावर तपासली, आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरली. त्या पटाशीला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"तू वाचलंस, मी लिहिलं," ते म्हणाले. "आता तू कोर, मी धरतो."

आधी मामाला फोन झाला. मामा म्हणाला की लोक पेटी बघून कार्ड घेतात, तुम्ही कार्ड बघून फळी कोरताय, माझ्या तीस वर्षांच्या धंद्यात असं पहिलंच. पण बोर्ड आधी बाहेर काढा, आणि पंख्याची भोकं झाकू नका. त्यांनी बोर्ड काढून स्वेटरवर ठेवला. मग भिंगरीने मला हातात घेतलं. खाचेची रुंदी मोजली. तिचा आवाज आधी चिरकला, मग बसला, मग खणखणीत झाला.

"सहा. एक वजा. पाच."

"पाच," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी खूण केली.

एकाने म्हणायचं, दुसऱ्याने परत म्हणायचं. पटाशी लाकडात शिरली, पातळ पातळ कुरळे पापुद्रे निघू लागले. एकदा पटाशी घसरली आणि पॉलिशवर एक बारीक ओरखडा उठला. भिंगरीने डोळे मिटून घेतले, मिस्त्री म्हणाले, चालू दे. ती थांबून थांबून खोली मोजत होती. माझं तुटकं टोक खाचेच्या तळाशी टेकवायची आणि वाचायची. शेवटी म्हणाली, "दोन. एक वजा. एक."

"एक," मिस्त्री म्हणाले. "बस्स."

बोर्ड पुन्हा बसला. कार्ड वरून सरळ खाली उतरलं, त्याचं टोक खाचेत सुळकन गेलं आणि स्लॉटमधून टक्क असा आवाज आला. एकदा माझ्या आयुष्यात कट्ट आवाज आला होता, त्याच्यानंतरचा हा सगळ्यात महत्त्वाचा आवाज. वायर लागली, बटण दाबलं, दोन्ही पंखे हलके फिरू लागले आणि पडदा उजळला. आईचा चहा केव्हाच गार झाला होता. तिघांनी तो तसाच प्यायला.

रविवारचा अख्खा दिवस भिंगरी चित्र काढत होती आणि मिस्त्री शेजारी बसून अंदाजाने मापं सांगत होते. पडद्यावर गोल भिंत उभी राहिली. तिच्या कुशीत एकेक कपाट उभं राहिलं. भिंगरीने ते पहिल्यांदा फिरवलं तेव्हा मिस्त्री खुर्चीतून अर्धे उठले. इतकी वर्षं जे फक्त त्यांच्या डोक्यात फिरत होतं ते त्यांच्यासमोर फिरत होतं. ते म्हणाले, "असंच दिसतं मला." आणि डोळ्यांत भुसा गेला म्हणून बाहेर गेले. त्या दिवशी सुट्टी होती. भुसा कुठून जाणार?

सोमवारी ग्रंथपाल बाई समितीच्या दोघांना घेऊन आल्या. भिंगरीने कपाटं फिरवून दाखवली, जवळून, लांबून, वरून. बाई म्हणाल्या, सगळ्यात खालचा कप्पा लहान मुलांना उंच होईल. भिंगरीने तिथल्या तिथे तो खाली आणला. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं की हे आत्ताच्या आत्ता कसं झालं, आणि भिंगरी त्यांना कार्ड दाखवायला पेटीकडे घेऊन गेली. काचेच्या झाकणातून आतलं सगळं दिसत होतं. बाईसुद्धा वाकल्या. मग त्यांनी बोट ठेवून विचारलं, "ही खाच कशासाठी?"

मिस्त्री जमिनीकडे पाहू लागले. गिऱ्हाइकासमोर सुताराने काय सांगायचं? सहज म्हणता आलं असतं, शोभेची आहे. भिंगरीने बाबांकडे पाहिलं, खिळ्यावर टांगलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि एक मोठा श्वास घेतला.

"ते आमचं चुकलेलं माप आहे," ती म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. पट्टीचं, पंचवीसचं, न बोललेल्या दोन शब्दांचं. बादलीचंसुद्धा.

बाईंनी खाचेवरून, काचेच्या वरूनच, बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आमच्या भिंतीचं माप घ्यायला गुरुवारी या. दोघंही या. आणि मोठ्याने बोला, वाचनालय असलं तरी चालेल."

गुरुवारी आम्ही गेलो. आम्ही म्हणजे मिस्त्री, भिंगरी, पोलादी टेप आणि मी. लांब मापं टेपने घेतली, कोपरे माझ्या वाट्याला आले. मिस्त्रींना आता बोलायची इतकी सवय लागली होती की टेपने मोजतानाही ते एक वजा म्हणाले. भिंगरी जोरात ओरडली, "टेपला नाही, बाबा!" आणि वाचत बसलेल्या साऱ्या माना वर झाल्या.

आता माझा खिळा कॉम्प्युटरच्या शेजारी आहे. भिंगरीने माझ्या तुटक्या टोकावर काळ्या शाईने बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय, 'एक वजा'. आधी मला जरा लाज वाटली. आपलं व्यंग कुणाला असं कपाळावर मिरवायला आवडेल? पण आता नव्याने कुणीही मला हातात घेतलं तरी त्याचं माप चुकत नाही, आणि मला कुणी बादलीत टाकत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल. उजवीकडे ओढ घेणारी सायकल असेल, एका विशिष्ट जागी थोपटल्याशिवाय न लागणारा दिवा असेल. तिला फेकू नका. तिची खोड समजून घ्या. आणि समजली की स्वतःशी ठेवू नका, शेजारच्याला सांगा, त्याला ठाऊक असेल असं वाटलं तरी सांगा. माणसांचंही तसंच असावं असं मला आपलं वाटतं, पण मी पट्टी आहे, माणसांबद्दल फार बोलू नये.

माझं म्हणाल तर मी सुखात आहे. थोरल्या मिस्त्रींनी भुशात टाकलेला माझा तुकडा कधीच सापडला नाही. पण खिळ्यावरून मला त्या पेटीच्या काचेतून ती खाच दिसते. रुंदी पाच, खोली बरोबर एक. भिंगरी काम करू लागली की कार्ड ऊबदार होतं, आणि त्याचं टोक माझ्या त्या एका सेंटीमीटरात निवांत टेकलेलं असतं.